रफार, वेलांटी आणि ब्राउझर

ठिबकच्या अनुदानाचा असो, शिष्यवृत्तीचा असो की पीकविम्याचा, ऑनलाइन अर्ज भरून बसलेल्या माणसाची नजर ज्या दोन शब्दांवर पुन्हा पुन्हा जाऊन थबकते, ते शब्द म्हणजे 'अर्जाची स्थिती'. पारोळा, साक्री, शिंदखेडा, यावल, कुठल्याही गावचे सेतू केंद्र घ्या, पडद्यावर ते भेटतातच. आज आपण त्यांच्या अर्थाकडे क्षणभर दुर्लक्ष करू आणि ते पडद्यावर उमटतात कसे, एवढेच निरखू. कारण ब्राउझर नावाच्या कारागिराचे पहिले कौशल्य या दोन शब्दांतच दिसते.

संगणकाकडे अक्षरे येतात ती उच्चाराच्या क्रमाने. 'अर्जाची' या शब्दातला र आधी येतो, ज मागून येतो. पण उमटताना तो र रफाराचे रूप घेतो, ज ओलांडतो आणि पुढच्या कान्याच्या माथ्यावर जाऊन बसतो. 'स्थिती'त नेमके याच्या उलट घडते. तिथली ऱ्हस्व वेलांटी येते थ च्या मागून, पण उमटताना ती थ ला वळसा घालते, त्याच्या आधीच्या अर्ध्या स लाही मागे टाकते आणि डावीकडची पहिली जागा घेते. म्हणजे आधी आलेला मागे जातो, मागून आलेली पुढे येते, आणि या दोन विरुद्ध दिशांच्या हालचाली डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी आटोपलेल्या असतात. ही मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव हार्फबझ. बेहदाद एस्फाहबोद यांच्या हातून ते घडत गेले. क्रोम आणि फायरफॉक्स हे एरवीचे कडवे प्रतिस्पर्धी, पण देवनागरीची वळणे गिरवताना दोघेही याच एका हाताने लिहितात. सफारी मात्र ॲपलच्या स्वतःच्या कोअर टेक्स्टवर विसंबतो. वेगाची तुलना करणारे सेकंद मोजतात तेव्हा त्या सेकंदात वेलांटीची ही उडीही असते, हे आपण मराठी वाचकांनी विसरू नये.

ही उडी नेहमीच अशी सहज नव्हती. विंडोज एक्सपीच्या दिवसांत कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, सीडी घालून, जोडाक्षरांच्या लिप्यांसाठीच्या फायली वेगळ्या बसवाव्या लागत. त्या नसल्या की वेलांटी आपल्या अक्षराच्या उजवीकडे एकटी पडे आणि हलन्ताचे पाय मोडलेले शब्द वाचताना डोळे शिणत. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांनाही देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नसत. त्या काळात चाळीसगाव-भुसावळच्या गाडीत बसून बटणांच्या लहान फोनवर ज्यांनी मराठी वाचले असेल, त्यांना ओपेरा मिनी आठवेल. नॉर्वेच्या ओपेरा कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या या ब्राउझरची युक्ती अशी, की फोन स्वतः पान आणतच नसे. तो दूरच्या सर्व्हरला निरोप धाडी. सर्व्हर पान उघडून, चित्रे बारीक करून, कित्येकदा मूळच्या दहाव्या हिश्शाइतके हलके करून परत पाठवी. आणि त्याच्या आडवळणाच्या सेटिंगमध्ये एक लहानसा पर्याय दडलेला होता: जोडाक्षरांच्या लिप्या चित्ररूपाने दाखवण्याचा. तो निवडला की ज्या फोनमध्ये देवनागरीचा एकही फॉन्ट नाही, त्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावरही मराठी बातमी शुद्ध उमटे. अक्षरे सर्व्हरवर रेखली जात आणि फोनपर्यंत येत ती त्यांची चित्रे. टूजीच्या कासवगतीत हे सुख किती मोठे होते, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

पण त्या सुखाची किंमतही आपण नीट पाहिली पाहिजे. पान हलके करायचे तर सर्व्हरला ते आधी वाचावे लागे. बँकेचे पान असले तरी फोन आणि बँक यांच्या मध्ये तो तिसरा उभाच. कुलूप वाटेत एकदा उघडून पुन्हा लावले जाई. कंपनीने ही गोष्ट लपवली नव्हती, आणि ज्यांना आरपार गुप्तता हवी त्यांनी पूर्ण ब्राउझर वापरावा, असेच तिचे सांगणे होते. त्याच सुमारास लहान फोनांवर फार चाललेल्या यूसी ब्राउझरची कथा अधिक खिन्न आहे. त्याच्यातून वापरणाऱ्यांचे शोधशब्द पुरेशा संरक्षणावाचून बाहेर जातात, असे टोरांटोच्या सिटिझन लॅबने मे २०१५ मध्ये दाखवून दिले. पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत यूसी ब्राउझरही होता. वेग हवा असेल तर आपले खासगीपण थोडे दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते, अशी त्या युगाची रीत होती. आजच्या ब्राउझरांतली मला सर्वाधिक रम्य वाटणारी गोष्ट हीच, की ती रीत आता उलटली आहे. आज सर्वांत वेगवान पान ते, ज्यातले आपल्या मागावर राहणारे भाग ब्राउझरने दारातच अडवले.

हे कसे, ते एका पानावर पाहू. रावेर-सावद्याच्या केळी बागायतदाराला सकाळी बऱ्हाणपूरचा भाव हवा असतो. बातमीतला त्याच्या कामाचा मजकूर चार ओळींचा; चांगल्या ब्राउझरला तो मांडायला कष्ट कसले? पण त्या चार ओळींभोवती जाहिरातींच्या आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टांचा गोतावळा असतो, आणि फोनचा प्रोसेसर दमतो तो त्यांच्या पायी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा खिशातला फोन आधीच तापलेला असतो, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. त्या दुपारी तेच पान, त्याच फोनवर, त्याच नेटवर्कवर सकाळपेक्षा संथ उघडते. आता तेच पान ब्रेव्हमध्ये उघडावे, जो असल्या स्क्रिप्टा मुळातच येऊ देत नाही. किंवा फायरफॉक्सचे कडक संरक्षण लावून, वर यूब्लॉक ओरिजिन ही अशा स्क्रिप्टा अडवणारी जोडणी बसवून उघडावे. भाव तोच, ओळी त्याच, पण आता प्रोसेसरला त्या चार ओळींखेरीज फारसे कामच उरलेले नसते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये अशी जोडणी बसवताच येत नाही, आणि खानदेशच्या उन्हात ही उणीव केवळ तत्त्वाची राहत नाही, ती हाताला चटका देऊन जाणवते.

प्रयोगशाळेतला वेगही सुंदर असतो, त्याला मी कमी लेखत नाही. स्पीडोमीटर नावाच्या चाचणीची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली, आणि ती घडवायला ॲपल, गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट एकत्र बसले. आपली परीक्षा कशी व्हावी हे प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ठरवावे, हे दृश्य उद्योगजगतात दुर्मीळच. या चाचणीत ब्राउझर काय करतो? कामांची यादी करतो, एकेका कामावर खूण करतो, मग ती यादी पुसतो. तक्ते काढतो, बातम्यांच्या पानासारखी पाने उलटतो. माणसाच्या रोजच्या किरकोळ हालचालींतून वेग मोजावा, ही कल्पनाच रसिक मनाची आहे. पण चांगल्या संगणकावर या गुणांतला फरक आता डोळ्याला जेमतेम जाणवतो, आणि त्यामागे एक कौटुंबिक कारणही आहे. क्रोम, ब्रेव्ह, ओपेरा, विवाल्डी, जानेवारी २०२० पासूनचा एज, आणि भारतीय वेब ब्राउझर विकास स्पर्धेत २०२५ मध्ये पहिला आलेला झोहोचा उला, हे सारे एकाच ब्लिंक इंजिनावर धावतात. वेगळी घराणी उरली ती फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट. तेव्हा भावंडांची शर्यत लावण्यापेक्षा त्यांतला कोण कशाला नकार देतो, हे पाहण्यात अधिक गोडी आहे.

आता नजर थोडी वर, पत्त्याच्या पट्टीकडे नेऊ. सातबाराच्या पानाचा पत्ता आहे 'भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन'. फायरफॉक्समध्ये तो उघडून निरखून पाहिले तर 'भूलेख' फिकट दिसते, 'महाभूमी डॉट गव्ह डॉट इन' ठळक, आणि त्यानंतरच्या तिरक्या रेघेपुढचे सारे पुन्हा फिकट. ही छटा सजावटीची नाही. पत्त्याचा खरा मालक कोण, ते ब्राउझर त्या काळ्या शाईने सांगतो. आणि त्यासाठी कोणकोणत्या शेवटाखाली कोण नावे नोंदवू शकतो, याची एक लांबलचक सार्वजनिक यादी मोझिलाने सांभाळली आहे. आपल्या व्याकरणात तत्पुरुष समासाला उत्तरपदप्रधान म्हणतात. 'राजपुत्र' म्हटले की राजा नव्हे, पुत्रच डोळ्यांपुढे येतो. इंटरनेटचा पत्ता हा असाच तत्पुरुष आहे. त्याचा अर्थ शेवटच्या पदांत वसतो. फसवणारा आपला सारा अलंकार पूर्वपदात ओततो, 'महाभूमी', 'सातबारा', 'शासन' असे विश्वासाचे शब्द पुढे मांडतो, आणि अखेरीस एखादे परके नाव हळूच ठेवून देतो. भोळी नजर डावीकडून वाचू लागते आणि फसते. ब्राउझर मात्र उजवीकडून वाचतो, आणि जे ठळक करायचे तेच ठळक करतो.

अक्षरांच्या फसवणुकीचा आणखी एक नाजूक प्रकार २०१७ मध्ये जगासमोर आला. सिरिलिक लिपीतली (रशियन भाषा हिच्यातच लिहितात) काही अक्षरे रोमन अक्षरांसारखीच हुबेहूब दिसतात. शुदोंग झेंग या संशोधकाने सगळी सिरिलिक अक्षरे घेऊन 'ॲपल'चा पत्ता असा घडवला, की कुशल डोळ्यालाही तो अस्सल वाटावा. क्रोमने आपल्या ५८ व्या आवृत्तीत त्यावर उपाय केला: अशा संशयास्पद नावाचे गोंडस रूप न दाखवता त्याच्या पोटातली अंकाक्षरांची रुक्ष संकेतमाला उघडी करायची. जो ब्राउझर वेलांटीसाठी एवढी कसरत करून आपल्याला सुंदर अक्षर देतो, तोच इथे जाणूनबुजून कुरूप होतो. भारतातही २०१४ पासून देवनागरीत पत्ते नोंदवता येतात, तेव्हा हा विवेक आपल्याही घरचा झाला आहे. आणि पत्त्याशेजारचे कुलपाचे ते चित्र? सप्टेंबर २०२३ च्या सुमारास क्रोमने ते काढून टाकले. कुलूप सांगत असे ते एवढेच, की वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे, असे त्याने कधीच म्हटले नव्हते. लोक मात्र तसे समजू लागले होते. आवडते चिन्ह लोकांची दिशाभूल करते म्हणून स्वतःहून उतरवणे, हा मला त्या कारागिरीतला एक उमदा क्षण वाटतो.

सुरक्षेचे खरे शिल्प डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तिथे आपल्याला जरा रेंगाळावे लागेल. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत ठाऊक असलेल्या वाचकाला ते चटकन उमगेल. नदी एक, बंधारा एक, कालवा एक. पण पुढे जमिनीचे फड पाडलेले, पाटकऱ्याच्या हाताने चाऱ्यांतून ठरल्या वेळी ठरल्या फडात पाणी सोडलेले, आणि एका फडाचे पाणी भलतीकडे शिरू नये म्हणून मध्ये बांध घातलेले. आधुनिक ब्राउझरही असाच आखलेला असतो. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तोच कामाचे वेगवेगळ्या प्रक्रियांत विभाजन करून; एक पान कोसळले तरी बाकीची पाने तगून राहत. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाचा दोष उघडकीस आला, तो तर थेट प्रोसेसरच्या घडणीतला. एका संकेतस्थळाचा कोड त्याच प्रक्रियेतल्या दुसऱ्याची स्मृती चोरून वाचू शकेल, असे भय उभे राहिले. त्याच वर्षी क्रोमने संगणकांवर प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रिया दिली, आणि त्यापायी स्मृतीचा १० ते १३ टक्के जादा खर्च पत्करला. वेगाच्या शर्यतीतल्या सगळ्यांत आघाडीच्या घोडेस्वाराने सुरक्षेसाठी आपणहून ओझे उचलावे, याचे मोल मी फार मोठे मानतो. फायरफॉक्सने संगणकावर हेच २०२१ मध्ये साधले. फोनच्या बाबतीत मात्र क्रोमच आधी पुढे झाला, हे फायरफॉक्सच्या चाहत्यानेही मोकळेपणी मान्य करावे.

पण फोनवरच्या त्या विलगीकरणाला एक अट होती, आणि खानदेशच्या नजरेतून पाहिले की ती मनाला लागते. २०१९ मध्ये क्रोमच्या ७७ व्या आवृत्तीने अँड्रॉइडवर, जिथे पासवर्ड टाकला जातो अशा संकेतस्थळांभोवती हा बांध घातला. परंतु फोनमध्ये किमान २ जीबी रॅम असेल तरच. म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत स्वस्त फोन, त्याच्या बँकेभोवतीचा बांध सर्वांत तोकडा. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. तेव्हापासून तो बारा आकडी क्रमांक या भागातल्या माणसाने किती अर्जांत, किती परक्या संगणकांवर टाइप केला असेल! असल्या हातांसाठी चांगला ब्राउझर ही चैन नाही. म्हणूनच फायरफॉक्सची एक कृती मला विशेष प्रिय आहे. विंडोज ७ ला क्रोमने २०२३ च्या आरंभी, १०९ व्या आवृत्तीपाशी निरोप दिला. फायरफॉक्सने मात्र त्याच वर्षीच्या आपल्या ११५ व्या आवृत्तीचा दीर्घकालीन आधार जुन्या विंडोजसाठी पुन्हा पुन्हा लांबवला. ज्या केंद्रात नवा संगणक घेणे परवडत नाही, तिथल्या जुन्या यंत्राला सुरक्षेच्या दुरुस्त्या पोहोचत राहिल्या. याने यंत्र पूर्ण निर्धास्त होते असे नाही, कारण खालची विंडोज जुनीच राहते. तरी ज्याला सर्वांनी टाकले त्याच्यापाशी थांबण्याचे हे औदार्य वेगाच्या कुठल्याही आलेखात दिसणार नाही.

त्याच केंद्रात आणखी एका गुणाची खरी जागा सापडते. 'सातबारा उना का?' असे अहिराणीतून विचारत माणसे रांगेत उभी असतात, आणि एकाच संगणकावर दिवसभरात अनेकांची कागदपत्रे उघडतात. खासगी खिडकी, जिला क्रोममध्ये इनकॉग्निटो म्हणतात, ती इथे शोभते. खिडकी बंद केली की मागच्याचे लॉगिन, त्याची कुकी, त्याचा इतिहास पुढच्याच्या हाती लागत नाही. डाउनलोड केलेली फाइल तेवढी राहते, ती हाताने पुसावी. एका फोनवर सारे घर चालते अशा घरातली मुलगी आपल्या आजाराविषयी काही वाचू पाहते, तिलाही हीच खिडकी आडोसा देते. या खिडकीकडून याहून मोठी अपेक्षा मात्र धरू नये. संकेतस्थळांना आणि जाळे पुरवणाऱ्याला त्या खिडकीतूनही आपण दिसतोच. याच गैरसमजावरून गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला, आणि २०२४ मधल्या तडजोडीत जमवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने कबूल केले.

कुकी ही मुळात किती निरागस गोष्ट! १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती रचली, ती संकेतस्थळाला आपली ओळख लक्षात राहावी म्हणून. पुढे तिसऱ्याच कुणाच्या कुकी पानापानांवर बसू लागल्या. पीककर्जाविषयी एकदा वाचले की भरमसाट व्याजाच्या कर्जाच्या जाहिराती आठवडाभर पाठ सोडत नाहीत, ते अशा कुकींच्या साखळीमुळे. सफारीने मार्च २०२० मध्ये या तिसऱ्यांना पूर्ण मज्जाव केला. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकींचा निराळा कप्पा केला, म्हणजे इथली ओळख तिथे उपयोगी पडत नाही. क्रोमने मात्र अशा कुकी हटवण्याचे २०२० मध्ये दिलेले वचन पुढे ढकलत ढकलत अखेर सोडून दिले. मला फायरफॉक्सची रीत सर्वांत सुबक वाटते: ती कुणाला हाकलत नाही, तरी कुणाला कुणाशी कुजबुजू देत नाही.

कुकी अडवली तरी एक ओळख उरते, आणि आपल्यासारख्या मराठी माणसाला ती अंतर्मुख करते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझरांच्या खुणा तपासल्या: पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, फॉन्टची यादी. त्यांतले ८३.६ टक्के ब्राउझर त्या साऱ्यांत एकमेव ठरले. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एखाद्या टंकलेखकाचा विचार करा, ज्याने लग्नपत्रिकांसाठी शेकडो देवनागरी फॉन्ट जमवले आहेत. त्याची ती हौसेची संपदाच त्याचा ठसा बनू शकते. सफारी यावर उपाय म्हणून पानांना फक्त यंत्राबरोबर आलेलेच फॉन्ट दाखवतो; ब्रेव्ह काही खुणांत मुद्दाम किंचित गोंधळ मिसळतो; टॉर ब्राउझर सर्वांना एकसारखेच दाखवू पाहतो, इतका की खिडकीचा आकारही ठरावीक मापांत बसवतो.

आणि मग भाषा. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला आपली पसंतीची भाषा आपणहून कळवतो. स्वयंसेवकांनी मराठीत आणलेला फायरफॉक्स आपण वापरला, भाषांच्या यादीत मराठी पहिली ठेवली, की आपण फार थोड्यांपैकी एक होतो. त्यातून धुळ्याचे असलो तर आणखी थोड्यांपैकी. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत टॉर चालवला तर तो विचारतोही, की खासगीपणासाठी पाने इंग्रजीतून मागवू का? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि अवघडही. ज्याच्या जिवावर बेतू शकते अशा पत्रकाराने, तक्रारदाराने 'हो' म्हणावे. रोजच्या वाचनात मी मात्र मराठी पहिलीच ठेवतो, कारण संकेतस्थळाच्या नोंदवहीत मराठीची मागणी दिसलीच नाही, तर मराठी पान काढावे असे त्यांना का वाटेल? हा ठसा मी जाणूनबुजून उमटू देतो, आणि त्या ठशाचा माग काढणाऱ्या कुकी मात्र आवर्जून अडवतो. दोन्ही गोष्टी एकाच ब्राउझरमध्ये साधतात. फायरफॉक्सच्या सेटिंगमधल्या भाषांच्या यादीत मराठी सर्वांत वर सरकवता येते, आणि इंग्रजी तिच्याखाली दुसरी राहू दिली की ज्यांची मराठी आवृत्ती नाही ती पानेही अडत नाहीत.